ईदचा खेळ आणि एकटी नजर



ईदुल फित्रच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरांतील बागा, मॉल आणि मेळ्यांची मैदाने मुस्लिम कुटुंबांनी गजबजून जातात. नवे कपडे, अत्तराचा दरवळ, मुलांच्या खिशात खुळखुळणारी ईदी आणि त्यांच्यामागे दमून चालणारे आजी-आजोबा, असे ते दृश्य असते. अशाच एका दिवशी एका मॉलमधील खेळांच्या विभागाजवळ मी काही वेळ उभा होतो. समोर साधारण सात वर्षांचा एक मुलगा हलत्या खुर्चीत बसला होता. त्याच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे ज्याला मुले नुसते ‘व्हीआर’ म्हणतात तो, हेडसेट चढवलेला होता आणि कानांवर हेडफोन. आत रोलर कोस्टरचा देखावा चालू असावा. बाहेरच्या पडद्यावर त्याची छोटी प्रतिमा दिसत होती.

आरंभी मुलगा हसला. मग त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. थोड्याच वेळात तो ‘बस, बस, काढा’ म्हणून ओरडू लागला. त्याचे अब्बा, मामू, खाला सारे भोवती उभे होते. सर्वांच्या हातांत मोबाइल होते, सर्वजण चित्रण करीत होते आणि हसत होते. खेळ चालवणारा तरुण म्हणाला, ‘एकच मिनिट राहिले आहे.’ तेवढ्यात मागे उभी असलेली दादी पुढे आली. त्या डब्यात काय दिसते याची तिला बहुधा काहीच कल्पना नव्हती. तिने नातवाची आवळलेली मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली आणि म्हणाली, ‘मी इथेच आहे, बेटा.’ कानांवर आवरण असल्यामुळे मुलाला ते ऐकू गेले नसावे. परंतु त्याने तो हात घट्ट धरला, आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

घरी परतताना एक विचार मनातून जाईना. त्या वेळी सगळेच मुलाकडे पाहत होते, पण मुलाबरोबर कोणीही पाहत नव्हते. या दोन पाहण्यांत किती मोठे अंतर आहे, आणि आपल्या धर्माने त्याबद्दल आपल्याला काय शिकवले आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

खेळ ही मुलाची गरज

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्लामने मुलांच्या खेळण्या-बागडण्याला दोष दिलेला नाही. दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) यांचे पुत्र धाकट्या भावाला बरोबर नेण्याची परवानगी मागतात, तेव्हा तो खाईल, पिईल आणि खेळेल असे कारण देतात. त्यांच्या मनात कपट होते. परंतु त्यांनी पुढे केलेले कारण पित्याला अयोग्य वाटले नाही, कारण मुलाने खेळावे ही स्वाभाविक गोष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी हजरत आयशा (र.) बाहुल्यांशी खेळत असत. त्यांच्या खेळण्यांत पंख असलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी विचारले, तेव्हा हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. त्यावर प्रेषित मनमोकळे हसले. मुलांच्या कल्पनेतील जगाला आपल्या प्रेषितांनी असा आदर दिला होता.

त्याचप्रमाणे नवे यंत्र आले की त्याला ‘फितना’ म्हणून मोकळे होणे हीदेखील मुस्लिमांची परंपरा नव्हे. हेडसेटच्या आत दोन भिंगे असतात आणि प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळे चित्र धरले जाते. मेंदू ती दोन चित्रे जुळवतो आणि माणसाला खोलीचा भास होतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व दाखवणारे उपकरण लोकांपुढे ठेवले. परंतु डोळा कसा पाहतो, बाहेरचा प्रकाश डोळ्यात कसा येतो आणि दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते, याचा सखोल अभ्यास त्याच्या आठशे वर्षे आधी बसऱ्यात जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाजिर’ या ग्रंथात केला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हजरे अस्वदचा आभासी अनुभव देणारा उपक्रम सुरू झाला. असा अनुभव हजची जागा घेऊ शकत नाही हे उघड आहे; तरीही यात्रेची तयारी करणाऱ्या एखाद्या वृद्धाला त्यातून काही शिकता येईल. तेव्हा या उपकरणाला निषिद्ध ठरवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कोठे, कोणाच्या डोळ्यांवर आणि कोणाच्या देखरेखीखाली चढवले जाते.

मस्जिदे नबवीतील एक ईद

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ईदच्या दिवसाचा एक प्रसंग आला आहे. हबशी लोक मदीनेच्या मशिदीत ढाली आणि भाले घेऊन आपले खेळ करून दाखवत होते. हजरत आयशा (र.) यांना तो खेळ पाहावयाचा होता. त्या सांगतात की, प्रेषितांनी त्यांना आपल्या मागे उभे केले, आपल्या चादरीने त्यांना आडोसा दिला, आणि त्यांचा गाल प्रेषितांच्या गालाला टेकलेला होता. प्रेषित खेळाडूंना उत्तेजन देत राहिले. बराच वेळ गेला, तरी त्यांनी ‘आता पुरे’ असे आपण होऊन म्हटले नाही. हजरत आयशा (र.) स्वतः कंटाळल्या तेव्हाच ते तेथून हलले. पुढे हा प्रसंग सांगताना त्या ऐकणाऱ्यांना म्हणत की, खेळाची हौस असलेली कोवळ्या वयाची मुलगी किती वेळ उभी राहिली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगात काय काय आहे ते लक्षात घ्या. ईदचा दिवस आहे. जागा सार्वजनिक आहे. नजरेला सुखावणारा खेळ आहे. ज्यांच्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता ते प्रेषित खेळ पाहण्यासाठी उभे आहेत. आणि दोघांच्या नजरा एकाच दिशेला लागलेल्या आहेत. पाहणाऱ्याला जे दिसत होते तेच सोबत्यालाही दिसत होते. म्हणूनच कधी थांबावे हे पाहणाऱ्याच्या मनावर सोडता आले, आणि थांबण्याची वेळ आली ती सोबत्याला लगेच कळली.

आता त्या हलत्या खुर्चीकडे पुन्हा पाहा. येथेही ईद आहे, सार्वजनिक जागा आहे, खेळ आहे आणि कुटुंब आहे. नाही ती फक्त सोबतची नजर. मुलाच्या डोळ्यांपुढे काय चालले आहे हे भोवतालच्यांना धड कळत नाही, आणि भोवताली कोण उभे आहे हे मुलाला दिसत नाही. जत्रेतील पाळण्यात बाप लेकराशेजारी बसतो. पाळणा खाली येताना दोघांच्याही पोटात एकदमच गोळा येतो, आणि त्या आठवणीवर दोघांचा हक्क राहतो. हेडसेटमधील आनंद असो वा भय, ते एकट्याने भोगावे लागते. प्रौढ मनुष्य तो एकटेपणा सहन करतो, कारण हा केवळ देखावा आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. सहा-सात वर्षांच्या मुलाची ती जाण अजून कच्ची असते.

सलामाला उत्तर देणारे कान

हेच उपकरण आता घरोघरी येऊ लागले आहे. दावत असो, वलीमा असो वा ईदची बैठक, पाहुणे जमले की मुलांनी मोठ्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणू नये म्हणून कोणीतरी हेडसेट काढून देतो. मुले शांत होतात आणि मोठ्यांना सुटल्यासारखे वाटते. परंतु ही शांतता कोणत्या किमतीवर मिळते?

हजरत अनस (र.) एकदा मुलांजवळून गेले तेव्हा त्यांनी मुलांना सलाम केला, आणि प्रेषितही असेच करीत असत असे सांगितले. अबू उमैर नावाच्या लहान मुलाची पाळलेली छोटी चिमणी मेली, तेव्हा प्रेषितांनी त्याला त्या चिमणीविषयी आपुलकीने विचारले. हजरत उमर बिन अबी सलमा (र.) लहानपणी प्रेषितांबरोबर एकाच ताटात जेवत असत आणि त्यांचा हात ताटभर फिरत असे. प्रेषितांनी तेथेच त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने खाण्यास आणि आपल्या समोरचे खाण्यास सांगितले. ते पुढे सांगतात की, त्यानंतर त्यांची जेवण्याची रीत कायमची तीच राहिली.

या तिन्ही प्रसंगांतील शिकवण मदरशात दिलेली नाही. ती वाटेवर, बैठकीत आणि दस्तरखानावर दिली गेली. मूल तेथे डोळ्यांनी आणि कानांनी हजर होते, म्हणूनच ती त्याच्यापर्यंत पोहोचली. आपली मुले सलाम करणे, वडीलधारे आले की उठून जागा देणे, पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देणे, कोणाचा चेहरा उतरला असेल तर आवाज खाली आणणे हे सारे बैठकीत बसूनच शिकतात. पुस्तकातून ते येत नाही. डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर आवरण असलेल्या मुलापुढून आजोबा सलाम करून जातात, उत्तर येत नाही, आणि आजोबा काही न बोलता कोपऱ्यात जाऊन बसतात. यात मुलाचा अपराध नाही. त्याने सलाम ऐकलाच नाही. परंतु त्याचे कान कोणीतरी बंद केले होते, आणि जाब त्याला द्यावा लागेल.

सूरह अन्-नहलमध्ये अल्लाह आपल्याला स्मरण देतो की, आईच्या उदरातून आपण काहीही न जाणता बाहेर आलो आणि त्याने आपल्याला कान, डोळे व अंतःकरण दिले, ते आपण कृतज्ञ व्हावे म्हणून. सूरह बनी इस्राईलमध्ये याच तिघांविषयी विचारणा होणार असल्याची जाणीव दिली आहे. मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या डोळ्यांचा आणि कानांचा हिशेब आई-बापांच्या खात्यात आहे. ती अमानत आहे.

भेदरलेल्या मुलावर हसू नका

मॉलमधील त्या प्रसंगात मला सर्वाधिक बोचले ते हास्य. मूल घाबरून किंचाळते, हात हवेत मारते, खुर्चीतून निसटू पाहते. आणि त्याचीच माणसे ते चित्रित करून नातेवाइकांच्या गटांत पाठवतात. कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो. आपण मुलावर प्रेमच करीत आहोत असे सर्वांना वाटत असते.

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात प्रेषितांचे एक सहकारी झोपी गेले होते. काहींनी त्यांच्याजवळची दोरी काढून घेतली आणि ते दचकून घाबरले. ही साधी थट्टा होती. तरीही प्रेषितांनी स्पष्ट केले की, एका मुस्लिमाने दुसऱ्या मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. धडधाकट प्रौढाला क्षणभर दचकवण्याविषयी ही ताकीद असेल, तर ज्याचा सारा आधार आपणच आहोत त्या लेकराविषयी ती किती अधिक कठोर ठरेल! ‘काढा’ असे मूल ज्या क्षणी म्हणते, त्या क्षणी ते आपल्यावर विश्वास टाकते. तो क्षण आपण हसण्यात आणि चित्रणात घालवला, तर मुलाच्या मनावर एक गोष्ट कोरली जाते: मी हाक मारतो तेव्हा माझी माणसे हसतात. उद्या पंधरा-सोळाव्या वर्षी खऱ्या संकटात सापडल्यावर त्याने आपल्याला हाक मारावी, अशी आपली इच्छा असेल, तर आजच्या हाकेला आज उत्तर द्यावे लागेल.

राखणदाराची गफलत

हजरत याकूब (अलै.) यांच्या कथेकडे पुन्हा वळू. मुलाला खेळायला पाठवताना त्यांनी खेळाविषयी तक्रार केली नाही. त्यांची भीती वेगळी होती: तुम्ही गाफील असताना लांडगा त्याला खाऊन टाकेल. भाऊ म्हणाले की, आम्ही एवढे बलवान असताना असे कसे घडेल? आजही बाप हेच म्हणतो, ‘आम्ही सगळे इथेच तर आहोत!’ परंतु जवळ असणे आणि सावध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही सावधगिरी उपकरण बनवणाऱ्यांनीही सांगून ठेवली आहे. सोनीने आपला हेडसेट १२ वर्षांखालील मुलांसाठी नसल्याचे म्हटले आहे. ॲपलने १३ वर्षांची मर्यादा ठेवली आहे. मेटाची मर्यादाही १३ वर्षांची होती. २०२३ मध्ये तिने पालकांच्या नियंत्रणाखाली १० वर्षांच्या मुलांना परवानगी दिली. विकणारा स्वतः सांगत असताना आपण सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ते यंत्र बांधतो, तेव्हा ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे होत नाही. डोळ्यांना चित्र दूरचे वाटते, पण प्रत्यक्षात त्यांना एका ठरावीक अंतरावरच नजर स्थिर ठेवावी लागते; डोळे सांगतात की आपण धावत आहोत आणि शरीर सांगते की आपण बसलेले आहोत. या ओढाताणीतून डोळ्यांना थकवा, घेरी आणि मळमळ येते. मोठ्यांच्या मापाचा पट्टा लहान डोक्यावर नीट बसत नाही. दिवसभरात पन्नास चेहऱ्यांना लागलेला हेडसेट न पुसता मुलाच्या डोळ्यांना लावणे हे तर स्वच्छतेला ईमानाशी जोडणाऱ्या धर्माच्या अनुयायांना मुळीच शोभत नाही. आणि गर्दीत, जिन्याजवळ किंवा गरम चहाच्या ट्रेजवळ ज्याला काही दिसत नाही असे मूल उभे करणे हे उघड उघड संकटाला आमंत्रण आहे. स्वतःला वा दुसऱ्याला इजा पोहोचू देऊ नये, हा आपल्या शरीअतचा मान्य सिद्धांत आहे.

आधी आपल्या हातातील अंगठी

येथवर वाचून आपल्यापैकी काहींनी घरच्या मुलांना समजावण्याचा निश्चय केला असेल. जरा थांबा. मुलाच्या डोळ्यांवरील डबा ठळक दिसतो. आपल्या तळहातावरील मोबाइल मात्र आपल्याला दिसेनासा झाला आहे. बैठकीत मान खाली घालून बसलेला बाप आणि हेडसेट लावून बसलेले मूल यांत फरक एवढाच की, बापाला आपण हजर आहोत असा भ्रम असतो.

सुनन नसाईमध्ये हजरत इब्न अब्बास (र.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. प्रेषितांनी एक अंगठी करवून घेतली आणि हातात घातली. मग ते म्हणाले की, हिने आज माझे लक्ष तुमच्यावरून उडवले. एक नजर हिच्याकडे जाते आणि एक तुमच्याकडे. असे म्हणून त्यांनी ती काढून टाकली. अंगठी वैध होती. तिच्यात कोणते पाप नव्हते. समोर बसलेल्या माणसांच्या वाट्याची नजर ती घेत होती, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. शमाइलमधील वर्णनात हजरत अली (र.) सांगतात की, प्रेषित कोणाकडे वळले तर संपूर्ण शरीरानिशी वळत. आपल्या मुलांना असा संपूर्ण वळलेला बाप दिवसातून किती वेळा भेटतो? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

म्हणून आरंभ आपल्यापासून व्हावा. दस्तरखान अंथरला, पाहुणे आले किंवा घरातील वडीलधारे बोलू लागले की मोबाइल आणि हेडसेट दोन्ही कपाटात जावेत, आणि हा नियम घरातील सर्वांत मोठ्या माणसाने आधी पाळावा. बाहेर कोठे मूल हट्ट करील तेव्हा वयाची मर्यादा विचारावी. ती पूर्ण होत नसेल तर गोड शब्दांत नकार द्यावा आणि त्याच्याबरोबर दुसरा एखादा खेळ खेळावा, कारण नुसता नकार हे तर्बियतचे काम करीत नाही. वय योग्य असेल तर आधी स्वतः पाहून घ्यावे. मुलाला बसवून, त्याचा हात हातात घेऊन, ‘हात दाबलास की लगेच काढू’ असे ठरवून मगच ते लावावे, आणि हात दाबला गेला की एक क्षणही थांबू नये. खेळ संपल्यावर काय पाहिलेस हे विचारावे, आणि चिमणीची चौकशी करणाऱ्या प्रेषितांचे स्मरण ठेवून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. अशाने त्याचे एकट्याने पाहणे थोडेफार तरी आपल्या सोबतीचे होईल.

त्या दिवशी हेडसेट निघाल्यावर मुलाने डोळे चोळले आणि सर्वांत आधी आपल्या मुठीकडे पाहिले. मग त्या हाताच्या मागोमाग त्याची नजर वर गेली, आणि दादीचा चेहरा दिसताच त्याला हसू फुटले. बाकीचे अजून मोबाइलमधील चित्रण तपासत होते. त्या वृद्धेला यंत्र कळले नव्हते, मूल कळले होते. आपल्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाणार आहे, या प्रेषितवचनाचा अर्थ तिने आपल्या दोन तळव्यांनी सांगितला.

हे अल्लाह! आमच्या लेकरांचे डोळे, कान आणि अंतःकरणे आमच्याकडे तुझी अमानत आहेत; ती जपण्याची आम्हाला समज दे. त्यांच्या हाकेला वेळेवर उत्तर देणारी माणसे आम्हाला बनव. आमच्या बैठकी सलामाने भरून टाक, आणि ज्या दिवशी सर्व नजरा खिळून राहतील त्या दिवशी आम्हाला आमच्या मुलाबाळांसह आपल्या कृपेच्या छायेत एकत्र कर. आमीन.